पबचा मंच, जयंतीचा मंच आणि गाण्याची मालकी

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, पाठोपाठ अहमदाबादला दोन. त्याच महिन्याच्या अखेरीस भुवनेश्वरच्या गुंतवणूक परिषदेत पंतप्रधानांनी या कार्यक्रमांचा दाखला देऊन ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ हा शब्द वापरला. देशात गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमांना वाव आहे, राज्यांनी आणि खासगी क्षेत्राने त्यासाठी सोयी उभ्या कराव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हापासून हा शब्द बातम्यांत, बजेटच्या चर्चेत आणि इव्हेंट कंपन्यांच्या जाहिरातींत सारखा दिसतो आहे.

या अर्थव्यवस्थेची शिडी स्टेडियमपासून सुरू होत नाही. तिची खालची पायरी म्हणजे शुक्रवारी रात्री पबच्या कोपऱ्यातल्या दहा बाय आठच्या मंचावर वाजवणारे बँड. त्या पायरीवर आता आपली, म्हणजे बौद्ध वस्त्यांतली, मुले-मुलीही आहेत. आम्ही त्यातलेच पाच जण. कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातले. एक गायिका, एक गिटार, एक बेस, एक ड्रम आणि एक हलगी-ढोलकी. बँडचे नाव देत नाही, कारण हा जाहिरातीचा मजकूर नाही. दिवसा आमच्यातले तिघे नोकरी करतात. रात्री पबमध्ये वाजवतो, एप्रिल-मे मध्ये जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवतो, आणि गेले वर्षभर आठ गाण्यांचा एक अल्बम तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करतो आहोत. या तिन्ही ठिकाणी आम्हाला जे दिसले त्यावर समाजात उघड चर्चा व्हायला हवी असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी पैशाचे बोलू, कारण त्यावर कोणी बोलत नाही. एका रात्रीचे पाच जणांना मिळून पंधरा ते वीस हजार मिळतात. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. वाद्ये घेऊन जाण्या-येण्याची गाडी, त्याआधीच्या आठवड्यातल्या सरावाच्या खोलीचे तासाप्रमाणे भाडे, तारा, काठ्या, सेल. साउंडचेक संध्याकाळी पाचला, पहिला सेट नऊला, दुसरा साडेदहाला. मध्ये जेवण मिळाले तर मिळाले. शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल बारानंतर थोड्याच वेळात सुटते. ती चुकली की मिळालेल्या पैशातला मोठा वाटा टॅक्सीवाल्याचा. आणि हे पैसे त्या रात्री हातात पडत नाहीत. बिल पाठवायचे, मग पंचेचाळीस दिवस, साठ दिवस. एका ठिकाणचे पैसे पाच महिन्यांनी आले, तेही तिथला मॅनेजर बदलल्यावर. १४ जुलै २०२५ रोजी करवाढीविरोधात राज्यातल्या बार आणि परमिट रूम चालकांनी बंद पाळला, तेव्हा आमच्या ओळखीच्या बँडवाल्यांना लगेच कळले की खर्चाची कात्री पहिल्यांदा कुठे लागणार. दारू महागली की पब दारू विकायचे थांबवत नाही. आठवड्यातली एक लाइव्ह रात्र कमी करून त्या जागी लॅपटॉपवाला डीजे बसवतो.

वाजवायचे काय, हेही ठरलेले असते. पंचेचाळीस मिनिटांच्या सेटमध्ये सहा-सात ओळखीची हिंदी गाणी, एक-दोन इंग्रजी, आणि गर्दी चढली असेल तर शेवटी स्वतःचे एखादे. एका पबच्या करारात ‘राजकीय अथवा धार्मिक स्वरूपाचे गाणे नको’ अशी ओळ होती. त्याच पबमध्ये सूफी नाइट होते, नवरात्रात गरबा होतो. बाबासाहेबांचे नाव असलेले गाणे मात्र राजकीय ठरते. आमच्या गायिकेने मॅनेजरला विचारले, यात राजकीय काय आहे? तो म्हणाला, मॅडम, मला व्यक्तिशः काही नाही, पण कस्टमर विचारतात. ‘कस्टमर विचारतात’ या दोन शब्दांत आज शहरातली जात बोलते. ती शिवी देत नाही, हसून पाणी विचारते आणि यादीतून गाणे वगळते.

यातले बरेच पब कुठे उभे आहेत, हे आमच्या पिढीने नीट पाहावे. लोअर परळ, वरळी, प्रभादेवी. ही गिरणगावची जमीन आहे. शहरातल्या लाइव्ह संगीतासाठी गाजलेला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये मथुरादास मिल कंपाउंडमध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये तिथून बंद झाला. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या पबना आग लागून १४ जणांचा जीव गेला, तेव्हा ‘मिल’ हा शब्द नव्या पिढीने बहुधा पहिल्यांदा बातमीत ऐकला. ज्यांचे आजोबा या गिरण्यांत होते त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ चालत नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून दार बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. आज त्याच आवारात मंच आहे, माइक आहे. माइकलाही तोंडच लागते. कोणत्या तोंडातून कोणते शब्द त्यात जावेत, यावर अजून कोणीतरी पहारा देतोच आहे.

आता तो प्रश्न, जो आम्हाला विहारात, घरात आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त विचारला जातो. पंचशील घेतलेल्यांनी, बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्यांनी दारूच्या दुकानात जाऊन गावे का?

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. पाचवे शील स्पष्ट आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही बाबासाहेबांनी आपल्याला दिली, आणि दारूने आपल्या किती घरांची वाट लावली हे कोणत्याही वस्तीतली आई सांगेल. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार तथागतांनी अंगुत्तर निकायात सांगितले त्यात मद्याचा व्यापार आहे. आम्ही मद्य विकत नाही, हे खरे. पण आमचे गाणे लोकांना तासभर जास्त बसवते आणि त्या तासात आणखी दोन पेले जातात, म्हणूनच पब आम्हाला बोलावतो. हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

कलेबद्दल धम्मात दोन बाजूंचे उल्लेख आहेत, आणि दोन्ही वाचायला हवेत. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख तथागतांकडे येतो. लोकांना रिझवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जन्म घेतो, हे खरे का, असे विचारतो. तथागत दोनदा म्हणतात, राहू दे, हे विचारू नकोस. तो हटून बसतो तेव्हा मिळणारे उत्तर कठोर आहे: जे लोक आधीच राग, द्वेष, मोहात बांधलेले आहेत त्यांना आणखी बेभान करणारा, स्वतःही बेभान झालेला, अधोगतीला जातो. तालपुट रडतो. पुढे भिक्खू होतो, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. दुसरीकडे दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणा वाजवत गातो. गाण्यात बुद्धाचे, धम्माचे, अर्हंतांचे नाव आहे आणि त्याच्या प्रेयसीचेही. तथागत त्याला गप्प करत नाहीत. तुझ्या तारांचा सूर तुझ्या आवाजाशी जुळतो आणि आवाज तारांशी, असे कौतुक करतात आणि हे कधी रचलेस म्हणून विचारतात. तथागतांना गाण्याचे वावडे होते असे म्हणणाऱ्यांनी हे सुत्त एकदा उघडावे.

आमच्यात यावर एकमत नाही. ड्रमवाल्याचे म्हणणे, अल्बम निघाला की पब सोडायचा. बाकीच्या चौघांचे म्हणणे, मजुरी मजुरी असते. हॉटेलात ताट उचलणाऱ्या आपल्या पोरांना कोणी हा प्रश्न विचारत नाही, मग गिटार उचलणाऱ्याला का? एका रेषेवर मात्र पाचही जण ठाम आहोत. दारूच्या कंपन्यांना थेट जाहिरातीची बंदी आहे, म्हणून त्या सोडा, पाण्याच्या बाटल्या आणि ‘म्युझिक सीडी’ यांच्या नावाने जाहिरात करतात. संगीत महोत्सवांच्या कमानीवर, गाण्यांच्या मालिकांवर दारूचे ब्रँड दिसतात ते याच वाटेने. अशा एका ब्रँडच्या मालिकेत दोन गाणी द्या, रेकॉर्डिंगचा खर्च आम्ही करतो, असा निरोप एका मध्यस्थाकरवी आमच्याकडे आला होता. आम्ही नाही म्हटले. पबमध्ये आम्ही रात्रीचे कामगार असतो. तिथे आमचे गाणे दारूची पाटी झाले असते. ही रेषा कोणाला सोयीची वाटेल, कोणाला अपुरी. ज्यांना अपुरी वाटते त्यांनी दुसरा मंच दाखवावा, आणि याच मुद्द्यावर आमची समाजाशी थोडी तक्रार आहे.

दुसरा मंच म्हणजे जयंती. १४ एप्रिलला सुरू होणारे कार्यक्रम मे महिन्यातल्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत आणि त्याही पुढे चालतात. गायनाची एवढी मोठी, लोकांनी लोकांसाठी उभी केलेली, तिकीट नसलेली जत्रा देशात दुसरी क्वचितच असेल. तिच्यामागे परंपरा आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि गण-गवळण काढून तिथे अस्पृश्यतेचा, शिक्षणाचा, हक्कांचा विषय बसवला. आपल्या सभांपेक्षा जलसा अधिक काम करतो असे बाबासाहेब मानत, हे आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी तो आवाज रेडिओ-कॅसेटवर नेला. विठ्ठल उमपांनी तर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच शेवटचा श्वास घेतला.

आणि आज? मिरवणुकीच्या डीजेला आणि लेझर लाइटला मंडळ लाखात पैसे मोजते. गायन पार्टीला किंवा बँडला शाल, पुष्पगुच्छ आणि ‘समाजाचे काम आहे, समजून घ्या’. वाजवून झाल्यावर मानधनाची आठवण करून दिली की ‘पैशासाठी गाता का?’ असे ऐकावे लागते. पब उशिरा का होईना बिलावर पैसे देतो. आपले काही कार्यकर्ते फोन उचलत नाहीत. सगळी मंडळे अशी नाहीत. उल्हासनगरच्या एका लहान मंडळाने वर्गणीतून ठरलेली रक्कम पाकिटात घालून, कार्यक्रमाआधीच, गायिकेच्या हातात दिली. पण अशी उदाहरणे मोजताना बोटे उरतात. त्यात रात्री दहाचा नियम. वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते आणि अनेक जिल्ह्यांत त्यात १४ एप्रिल असतो. पण आमचा कार्यक्रम १९ किंवा २६ तारखेला. डीजे आठपासून वाजतो, भाषणे साडेनऊपर्यंत, बँडला पंचवीस मिनिटे.

सरावाची जागा हा आणखी एक प्रश्न. जुन्या गायन पार्ट्या चाळीच्या मैदानात, समाजमंदिरात बसायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगले घर मिळाले याचा आनंदच आहे. मात्र नव्या इमारतीत ढोलकी कुठे वाजणार, हे सोसायटीच्या नियमावलीत आत्ताच लिहून घ्यावे. नंतर ‘आवाजाचा त्रास’ म्हणून पहिली तक्रार तिच्याविरुद्धच जाईल.

मंच नसेल तर तो बांधावा लागतो, हे चेन्नईने दाखवले. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना, पराई वाद्य, त्याला रॉक आणि रॅपची जोड. नावामागची कल्पना पंडित अयोथी दास यांची. जातिविरहित तमिळ ही ओळख मांडणारे, १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापणारे हे अयोथी दास आपल्या किती वाचकांना माहीत आहेत? डिसेंबरमध्ये तिथल्या सभागृहांत कर्नाटक संगीताचा मार्गळी उत्सव असतो. रंजित यांच्या नीलम संस्थेने त्याच महिन्यात लोकसंगीताचा आपला उत्सव २०२० पासून सुरू केला. कोणाच्या दारात जागा मागितली नाही. मुंबईतही कबीर शाक्य यांच्या धम्म विंग्जने गिटार-ड्रमवर बुद्ध आणि बाबासाहेब गायले, आणि आमच्यासारख्यांना हे जमू शकते ते आधी तिथे दिसले.

पराईची आणि हलगीची गोष्ट सारखी आहे, आणि ती स्टुडिओत आमच्यासमोर आली. हलगी हे आपल्यावर लादलेले काम होते. गावच्या लग्नात, मयतीत, जत्रेत वाजवायचे आणि बाहेर बसायचे. धर्मांतराच्या आसपास अनेक गावांत आपल्या माणसांनी ते सोडले. त्यासाठी बहिष्कार सोसला. आमच्या हलगीवाल्याच्या आजोबांनी घरातली हलगी मोडून चुलीत घातली होती, आणि नातू ती दारूच्या दुकानात वाजवतो याचा त्यांच्या भावाला आजही राग आहे. त्या आजोबांचा राग आम्ही बरोबर मानतो. नातवाचेही बरोबर मानतो. आजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती, ती त्यांनी स्वतः निर्माण केली. नातू तेच वाद्य ठरलेल्या दराने, स्वतःच्या नावाने, हवे तेव्हा वाजवतो आणि नको तेव्हा ठेवून देतो. तरी अल्बमच्या मुखपृष्ठावर हलगीचा फोटो टाकू नये, असे तोच म्हणाला. आम्ही टाकणार नाही.

रेकॉर्डिंगमध्ये ही हलगी भारी हट्टी निघाली. कातडे तापवल्याशिवाय तिचा सूर चढत नाही, आणि एसी स्टुडिओत दोन टेक होईपर्यंत ती सैल पडते. शेकोटी पेटवता येत नाही, म्हणून इलेक्ट्रिक शेगडी आणली आणि एसी बंद केला. इंजिनियर घामाघूम. ड्रमसाठी आम्ही एक दिवस भाड्याचा स्टुडिओ घेतला. बाकी गिटार, बेस घरी लॅपटॉपवर, आणि गायिकेचा आवाज कपाटाला गोधड्या टांगून. क्लिकच्या ठोक्यावर हलगी वाजवायची तर तिचा झोल मरतो, क्लिक बंद केला तर बाकीचे पसरतात. शेवटी तीन गाणी पाचही जणांनी एकत्र बसून, क्लिकशिवाय वाजवली. तीच बरी झाली आहेत.

पण अल्बममधला खरा अवघड भाग कागदाचा आहे. मार्च २०२१ मध्ये आलेले ‘एन्जॉय एन्जामी’ आठवा. दी आणि अरिवू यांनी गायलेले, संतोष नारायणन यांचे संगीत. भूमिहीन मजुरांच्या आठवणीतून आलेले हे गाणे जगभर वाजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हता. आरडाओरडा झाल्यावर त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले गेले. मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितले की या गाण्यातून त्यांना एक पैसाही मिळालेला नाही. कंपनीने आपली वेगळी बाजू मांडली. एवढ्या गाजलेल्या गाण्याची ही स्थिती, तर आपल्या वस्तीतल्या कवीची काय असेल याचा विचार करा.

भीमगीतांच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते. ही आपली जुनी नोंदवही होती. गाणे कुठेही गेले तरी मालक सोबत जायचा. कॅसेट कंपन्यांनी एकरकमी पैसे देऊन हक्क घेतले, नाव कडव्यात उरले आणि पैसा दुसरीकडे गेला. आता यूट्यूबवर तेच गाणे पन्नास चॅनेलवर आहे. कडूबाई खरातांसारखा एकतारीवरचा आवाज मोबाइलवरून घराघरांत पोहोचला, पण कोणाचाही व्हिडिओ कोणीही चढवला की जाहिरातीचे पैसे चॅनेलवाल्याच्या खात्यात जातात, गाणाऱ्याच्या नाही.

कायद्यात इथे आपल्या बाजूने बरेच आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहिलेल्या करारावर सही झाली असली तरी हा वाटा संपत नाही. गीत-संगीताचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या रचना ‘समाजाच्या आहेत’ म्हणून न विचारता रेकॉर्ड करणाऱ्यांनी २०६४ साल लक्षात ठेवावे. आम्हाला एका दिवंगत शाहिराचे गाणे घ्यायचे होते. त्यांच्या मुलीकडे गेलो, तर आजवर कोणी विचारायलाच आले नव्हते, असे त्या म्हणाल्या. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. तिथे सभासद व्हा, गाणी नोंदवा. पबमध्ये वाजणाऱ्या गाण्यांसाठी परवाना शुल्क घेतले जाते. पण कोणती गाणी वाजली याची यादी आम्हाला आजवर एकाही पबने मागितली नाही. आम्ही आता ती बिलासोबत न मागता जोडतो.

स्ट्रीमिंगवर फार विसंबू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. आपल्याकडे त्याहून जुनी आणि पक्की विक्रीची जागा आहे: दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचे पुस्तकांच्या रांगेतले स्टॉल. तिथे कॅसेट गेली, सीडी गेली, आता पेनड्राइव्ह विकला जातो. त्यातली किती गाणी रचणाऱ्याला विचारून भरलेली असतात, हे स्टॉलवाल्यांशी बसून बोलायला हवे. ते आपलेच लोक आहेत.

आणि एक काळजी. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. त्यानंतर आमच्या दोन गाण्यांचे शब्द आम्ही एका वकिलाला दाखवले. त्यांनी एकही शब्द बदलायला सांगितला नाही, फक्त कोणत्या गाण्याचे शब्द कोणी लिहिले ते कागदावर स्पष्ट ठेवा म्हणाले. तो कागद तयार आहे: आठ गाणी, प्रत्येकासमोर गीत, संगीत, गायन, वादन आणि टक्के; हलगीवाल्याचा वाटा गिटारवाल्याएवढा; शाहिरांच्या गाण्यात त्यांच्या मुलीचा अर्धा. ज्या बँडला, गायन पार्टीला नमुना म्हणून हवा असेल त्यांना आम्ही देऊ. मंडळांसाठी एक पानी मानधन करारही मराठीत लिहिला आहे. त्यात तारीख, वेळ, रक्कम आणि रात्री दहापूर्वी किमान साठ मिनिटे, एवढेच आहे.